जोडी गट

“चढ आला की बोलत राहायचं, विद्या. बोलणं तुटलं की खाली उतरायचं. त्यात लाज कसली?” अप्पांचा हा आवाज मला नेहमी डोक्यावरून ऐकू येतो, कारण ते हे सांगत तेव्हा मी त्यांच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसलेली असे. मागच्या कॅरिअरवर खणांचं आणि लुगड्यांचं गाठोडं, तेच पोतंभर वजनाचं, आणि नेसरीहून आजऱ्याकडं जाणारा तो वळणावळणाचा रस्ता. माझे वडील नागाप्पा यांनी बत्तीस वर्षं सायकलवरून गावोगाव कापड विकलं, आणि चढाबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते या तीन वाक्यांत संपत होतं. मी एक्केचाळीस वर्षांची होऊन गिअरची सायकल हातात घेतली तेव्हा ही तीन वाक्यं मी देवघरातल्यासारखी पुसून-बिसून पुढं मांडली. फक्त एक बदल केला. चढाला मोठ्यानं काय बोलणार, आणि कुणाशी? म्हणून मी मनातल्या मनात षडाक्षरी मंत्र धरला. पायडलच्या एका फेरीला एकदा ॐ नमः शिवाय. मंत्र अडखळला की वेग जास्त झाला असं समजायचं आणि हलका गिअर टाकायचा. त्या रविवारी सकाळी पंचगंगेचा पूल ओलांडल्यापासून मंत्र असा काही लागला होता की वडणगे फाटा कधी आला ते कळलं नाही. फाट्यावर तानाबाई पेरूची पाटी घेऊन बसते. दर रविवारी आम्हांला जाताना बघते, येताना पेरू घ्यायला लावते. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या मागं पाहिलं, आणि पेरू पुसता पुसता विचारलं, “एकलीच? जोडीदारीण कुठं सांडलीस?”

मी मागं वळले. उसाचे दोन ट्रॅक्टर, एक एस.टी., आणि मग पुलापर्यंत मोकळा रस्ता. मोना नव्हती. ती कधीपासून नव्हती हेही मला सांगता आलं नसतं. एवढंच झालं, याहून काही नाही. पण मला एकदम राग आला, तो आधी तानाबाईचा. सांडलीस म्हणजे काय? मोना काय दुधाची किटली आहे? आणि मग मोनाचा. एक रविवार, एकच रविवार या बाईनं काही न होता माझ्या मागं यावं! मग मी सायकल वळवली आणि परत पुलाकडं निघाले, आणि त्या परतीच्या वाटेवर राग हळूहळू ज्याचा होता त्याच्याकडं, म्हणजे माझ्याकडं आला. कारण शर्यत आठ दिवसांवर आली होती, आणि जे पुन्हा करणार नाही म्हणून मी हातात बेलाचं पान घेऊन शब्द दिला होता, ते मी डांबरी सपाट रस्त्यावर, कुणी घाई करत नसताना, करून बसले होते.

या शर्यतीला ड्युएथलॉन म्हणतात. आमच्या घरात तिला ‘ती तुमची शर्यत’ म्हणतात. आधी सहा किलोमीटर पळायचं, मग बावीस किलोमीटर सायकल, आणि ती ठेवून पुन्हा चार किलोमीटर पळायचं. आणि हे सगळं डांबर सोडून, जोतिबाच्या डोंगराच्या अंगाखांद्यावरून, पाणंदीतून, मुरमाच्या वाटांवरून. त्यात एक जोडी गट असतो. दोघांनी बरोबर निघायचं, वाटेतली प्रत्येक चौकी बरोबर ओलांडायची, शेवटही बरोबर करायचा. जोडी सुटली की दोघंही बाद. बायकांच्या जोडी गटात आदल्या वर्षी तीनच जोड्या होत्या. त्यातली एक मी आणि मोना. आणि ती सोडणारी मी.

मोनाला मी पहिल्यांदा पाहिलं ते रंकाळ्यावर. डॉक्टरांनी मला साखर काठावर आहे म्हणून सांगितलं होतं आणि मी सकाळी चालायला लागले होते. मागून कुणीतरी धपाधप येतंय असं वाटून बाजूला झाले, तर एक बाई साडीचा काचा मारून, नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट घालून पळत होती, आणि पळता पळता ओळखीच्या लोकांना हाका मारत होती. ती कसबा बावड्याची. घरी अकरा म्हशी, नवरा डेअरीला दूध घालतो, दोन पोरी. शाळेत जिल्ह्याच्या खो-खोच्या संघात होती, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, आणि तेव्हापासून ती पळाली ती फक्त सुटलेल्या रेडकाच्या मागं, असं तिनंच मला सांगितलं. माझ्याहून सात वर्षांनी लहान. माझं घर शाहूपुरीत, दुकान शेतीपंपांचं, बोलणं हळू. घरातला नोकरसुद्धा मला “वैनी, मोठ्यानं” म्हणतो. आमची दोघींची जोडी कशी जमली याचं लोकांना नवल वाटतं. मलाही वाटतं, विशेषतः ती साडेपाच म्हणून सव्वासहाला येते तेव्हा, आणि आल्या आल्या म्हैस कशी अडली ते सांगत सुटते तेव्हा.

मला असा उशीर चालत नाही. माझं आन्हिक ठरलेलं आहे. आंघोळ करून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, सोमवारी निराहार. अकराव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून यात खंड नाही, बाळंतपणाचे दिवस सोडले तर. त्यामुळं साडेपाचला निघायचं म्हणजे मी चारला उठलेली असते. माझ्या सासूबाई मल्लव्वा, त्यांना मी अत्ती म्हणते, या सगळ्यात एकट्या समजूतदार निघाल्या. त्या संकेश्वरकडच्या. त्यांनी एवढंच विचारलं की पळताना पूजा चुकणार नाही ना; नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग पळ की. ह्यांचं मात्र तसं नव्हतं. हे म्हणजे माझे यजमान, प्रभुलिंग. यांना जगातली प्रत्येक गोष्ट पंपासारखी दिसते. मी दमून आले की म्हणणार, एकदम फुल्ल लोड दिलास तर वायंडिंग जळणारच. मी हळू पळते म्हटलं की म्हणणार, मग होल्टेज कमी हाय. गुडघ्याला तेल लावत बसले तर म्हणाले, बेअरिंग बदलून मिळत न्हाई, बघ. हे सगळं प्रेमानंच, पण सलग वर्षभर. मी एकदाही उलटून बोलले नाही. मी फक्त त्या दिवशी आमटीत मीठ कमी घालत असे आणि मग त्याचंही मला वाईट वाटत असे.

आणि हंबीरराव. हे शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे मास्तर, शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे कर्तेधर्ते. गळ्यात शिट्टी, हातात वही. त्यांनी आम्हां दोघींना सराव दिला, चांगला दिला, ते नाकारत नाही. मुरमाच्या चढावर पायडलवर उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी गरगरतं, म्हणून बूड सीटच्या पुढच्या टोकाला आणून बसूनच चढायचं, हे त्यांनी शिकवलं. सायकलवरून उतरून पळायला लागलं की पाय आपले वाटत नाहीत, लाकडाचे वाटतात, ते पहिलं अर्धं किलोमीटर घाबरायचं नाही, हेही त्यांनीच. पण एकदा त्यांनी छातीचे ठोके मोजणारा पट्टा आणला. तो छातीला जिथं बांधायचा नेमकं तिथं माझ्या शिवदोऱ्यातली चांदीची करडगी येते, जिच्यात माझं इष्टलिंग असतं. पट्टा बसेना. हंबीरराव सहज म्हणाले, “ते गळ्यातलं तेवढं काढून ठेवा की वैनी, तासाभराचा प्रश्न हाय.” मी म्हणाले, राहू दे पट्टा. इतकंच म्हणाले, नेहमीच्या आवाजात. पण पुढं तीन दिवस मी भाकरी थापताना, दिवे लावताना त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होते. लिंग अंगावरून उतरायचं ते फक्त पूजेला, डाव्या तळहातावर. तासाभराचा प्रश्न! मग मी कुडत्याला आतून जाड कापडाचा खिसा शिवून घेतला, करडगी त्यात घट्ट बसवली, आणि ठोके मंत्रानं मोजायचं ठरवलं ते कायमचं.

ते किती चांगलं जमलं हे मी सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथंच आहे. पूजेत लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं, बेल वाहिला की नजर त्याच्यावर ठेवायची. तळहाताच्या बाहेर डोळा जाऊ द्यायचा नाही. दूध उतू गेलं, दारावर कुणी आलं, पोरगं रडलं, काही झालं तरी. तीस वर्षं मी हे केलं आहे, आणि नम्रपणे सांगते, मला ते येतं. चढावर मी तेच करत होते. पुढच्या चाकाच्या पुढची दोन हात जमीन, तिथले खडे, तिथली भेग, आणि आत मंत्र. बाहेरचं सगळं गळून पडतं. श्वास फुटत नाही, पाय भरत नाहीत. माझ्यापेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान मुली चढाच्या मध्यावर सायकल आडवी टाकून बसलेल्या असतात आणि मी त्यांच्या बाजूनं जाते, फार जोरात नाही, पण थांबतही नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता. अभिमान हा शब्दही मी आत्ता वापरते. तेव्हा मला ती भक्ती वाटत होती.

आदल्या वर्षी, दोन हजार सहाच्या डिसेंबरात, असंच झालं. शिट्टी वाजली आणि मोना खो मिळाल्यासारखी सुटली. मी मागून हळू हळू म्हणत राहिले, म्हणजे मी म्हणत होते आणि मलाच ऐकू येत होतं. ती पुढं जाऊन थांबायची, मी पोचले की पुन्हा सुटायची. असं करत करत सायकलच्या चढावर, गिरोलीच्या अलीकडं, तिची मोटार जळली; ह्यांचा शब्द वापरायचा तर. मी तिच्या शेजारून गेले ते मला आठवतं. ती वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. मी काही बोलले का? मला वाटतं मी म्हणाले, ये सावकाश. आणि मंत्र तुटू नये म्हणून पुढं गेले. माथ्यावरच्या चौकीवर गर्दी होती, कुणी अडवलं नाही. मी शेवटचं पळणं पळाले, रेघ ओलांडली, आणि हंबीररावांनी विचारलं, जोडीदार कुठाय. तेव्हा मला आठवलं की मी जोडी गटात आहे. नावापुढं काट मारली गेली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईट वाटलं ते काट मारल्याचं नाही, मोनाचंही नाही. शेवटपर्यंत माझी लय मोडली नाही याचंच समाधान होतं. मोना खूप उशिरा आली, मागं राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या टेम्पोतून, सायकलीला धरून. उतरली ती हसतच. चार वडे खाल्ले, टेम्पोवाल्याची नक्कल केली, म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. मीही धरून चालले की झालं गेलं संपलं.

ते संपलं नव्हतं हे मला या श्रावणात कळलं. सोमवारी देवळातून दर्शन घेऊन बाहेर आलो, पायरीवर बसून ती बुटाची नाडी बांधत होती. एक बूट झाला, दुसरा घेतला, आणि खाली बघतच ती म्हणाली, “गाडी आलती विद्याक्का. दोनदा आलती. मी बसले न्हाय. मला वाटलं, तू येशील.” आणि लगेच नाडीला शिव्या घालत उठली. मी तिथं पायरीवर बेलाचं पान हातात घेऊन उभी. म्हणजे चाळीस मिनिटं तरी ती त्या मुरमावर बसली होती, वर बघत. ती सगळ्या गोष्टी वाजवून सांगणारी बाई, आणि ही एक गोष्ट तिनं आठ महिने पोटात ठेवली. मी तिला हाक मारून थांबवलं आणि म्हणाले, यंदा तुला मागं टाकून मी एकही चौकी ओलांडणार नाही. हातात बेल आहे, बघ. ती जरा गोंधळली. मग म्हणाली, “मग मीबी तुझ्या मंत्रानं चालतो. तू म्हणशील तेवढंच.” ती अशी कधी कधी गड्यासारखी बोलते. एवढा साधा करार. दोन बायकांचा, देवळाच्या पायरीवरचा. तो पाळायला काय अवघड होतं?

तर त्या रविवारी मी पुलावर परत आले तेव्हा मोना कठड्याला सायकल उलटी करून उभी होती. चेन पडली होती. चार माणसं जमली होती, चौघंही सल्ला देत होती आणि ती त्या चौघांनाही चेन कशी धरावी ते शिकवत होती. हात काळे, कपाळावर काळा पट्टा. मला बघून म्हणाली, “दोनदा हाक मारली की तुला. चांगली बोंबलून.” मोनाची हाक बावड्याहून शाहूपुरीत ऐकू येईल. मला ती ऐकू आली नव्हती. मी रुमाल दिला. घरी येऊन पूजेला बसायची वेळ नव्हती, पूजा पहाटेच झाली होती, तरी मी देवघरात जाऊन बसले आणि पहिल्यांदाच मला तिथं बसून चिडल्यासारखं झालं. हे काय शिकले मी तीस वर्षं? माणसाची हाक ऐकू न येण्याची विद्या? अत्तींनी डोकावून विचारलं, काय झालं गं. मी म्हणाले, काही नाही, पाय दुखतात. त्या तेल घेऊन आल्या. मग तेही चोळून घ्यावं लागलं, न दुखणाऱ्या पायांना.

उरलेल्या आठवड्यात मी स्वतःला सुधारायला घेतलं. अकरा मंत्र झाले की एकदा मागं बघायचं, असा नियम केला. मला नियम केला की बरं वाटतं. मोनाला म्हशींचं काम होतं म्हणून बुधवारी मी एकटीच वडणग्याच्या पाणंदीत सराव करत होते. अकरा झाले, मान वळवली, आणि मान वळली की हँडलही वळतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उसाच्या सरीत जाऊन पडले. गुडघा सोलला, कोपर ठेचलं, आणि मागं तर कुणी नव्हतंच, बघायचं ते काय होतं? तिथं चिखलात बसल्या बसल्या मला इतका संताप आला की हसूच यायला लागलं. आणि त्या हसण्यात, कुठूनही कुठं जावं तसं, मी एकदम दांडीवर गेले. अप्पा बोलत होते. नेसरीच्या वाटेवर ते सारखं बोलत, गिऱ्हाइकांच्या गोष्टी, खणांचे रंग, कुणाच्या घरी लग्न निघालं. आणि मी हूं म्हणायची. माझं हूं थांबलं की ते वाकून बघत. मी पेंगायला लागले असले तर सायकलवरून उतरून, मला एका हातानं धरून, ढकलत चालत. बोलणं तुटलं की उतरायचं. ते त्यांचं बोलणं तुटल्याबद्दल म्हणत होते असं मी इतकी वर्षं समजत होते. ते माझ्या हूंबद्दल असेल तर? आता विचारणार कुणाला, अप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. मी उठले, चाक सरळ केलं, आणि घरी आले. ह्यांनी गुडघा बघितला आणि म्हणाले, फाउंडेशन हललं काय.

शर्यतीच्या दिवशी हे सगळ्यांच्या आधी तयार झाले, याचं मला फार आश्चर्य वाटलं. जीप काढली, अत्तींना बसवलं, त्यांच्यासाठी घडीची खुर्ची, डब्यात शेंगांच्या पोळ्या. म्हणाले, शेवटाला मैदानात उभे राहू, तू ये. आदल्या वर्षी दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून आले नव्हते. बाईसाहेब शर्यत जिंकणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, पण संपवणार हे त्यांनी धरलं होतं, आणि ते काही न बोलता धरलं होतं. वायंडिंग नाही, होल्टेज नाही. कुशिऱ्याच्या माळावर पोचलो तर मोना आमच्याआधी येऊन उभी, पिवळ्याजर्द टी-शर्टात. हंबीररावांनी नियम वाचून दाखवले. यंदा एक नवा होता: जोडीतल्या एकानं सोडलं तर दुसऱ्याला चौकीवर सांगून एकट्यानं पुढं जाता येईल, आणि वेळेत आल्यास एकट्याचं प्रमाणपत्र मिळेल. ते वाचताना त्यांनी माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं. मोनानंही बघितलं. मी बुटांकडं बघितलं.

पहिले दोन किलोमीटर मोना माझ्या शेजारी पळत होती आणि मोठमोठ्यानं मंत्र म्हणत होती, इतक्या मोठ्यानं की मागचे हसत होते. मला कानकोंडं होत होतं, पण बरंही वाटत होतं. मग इचलकरंजीच्या दोन मुली आमच्या बाजूनं गेल्या आणि त्यातली एक जाता जाता म्हणाली, काकू, भजन चांगलं हाय. झालं. मंत्र थांबला. मी मोनाकडं बघितलं, तिच्या मानेची शीर ताठ झाली होती. मी म्हणाले, मोना, नको. ती म्हणाली, नाही गं. आणि गेली. त्या पोरींच्या पुढं गेली, मागं वळून त्यांना काहीतरी ऐकवलं, आणि पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली. श्रावणापासून चार महिने, दर रविवारी मी जे घोटून घेतलं होतं ते एका ‘काकू’ या शब्दानं गेलं. सायकली ठेवलेल्या जागी ती माझी वाट बघत होती, कमरेवर हात ठेवून, खूष. मी काहीच बोलले नाही. मी बोलायला हवं होतं. मी गूळ-शेंगदाण्याची पुडी काढून तिच्या हातात ठेवली. तिनं निम्मी सांडली.

सायकलवर पोहाळ्यापर्यंत ती पुढं, मी मागं. मग गिरोलीचा चढ सुरू झाला आणि पायथ्यालाच ती मला सापडली. तोंड लालभडक, ओठ पांढरे. मी म्हणाले, हलका गिअर टाक, बसून चढव, मी आहे. ती म्हणाली, तू हो पुढं, मी हाय तुझ्या मागंच. मी पुढं झाले, कारण तिला लय मिळावी. एवढं खरं आहे. आणि अकरा मंत्रांनी थांबून, हो, थांबून, पाय टेकून मागं बघितलं. होती. पुन्हा अकरा. होती, जरा लांब. पुन्हा अकरा. होती. मग तो सुटा मुरूम आला, जिथं चाकाला जमीन सापडत नाही, सगळं लक्ष मागणारा. मी सीटच्या टोकाला आले, नजर चाकापुढं बांधली, आणि मंत्र लागला. किती झाले ते मला माहीत नाही. एकशे आठ झाले असतील, दोनशे झाले असतील. वारा गार लागला तेव्हा कळलं, माथा आला.

माथ्यावर, सायकली ठेवून शेवटचं पळायला लागायचं तिथं, चुन्याची आडवी रेघ मारली होती आणि तिच्या पलीकडं हंबीरराव वही घेऊन उभे होते. माझं पुढचं चाक रेघेच्या अलीकडं वीतभर थांबलं. मी थांबवलं का ते आपलं थांबलं हे देवाला ठाऊक. मी मागं बघितलं. वाट मोकळी. हंबीरराव घड्याळ बघत म्हणाले, “वैनी, चौकी बंद व्हायला सहा मिनिटं हायत. एकट्याचं लिहू?” मी विचारलं, खालून गाडी गेली का. ते म्हणाले, गेली, बाईंना बसा म्हटलं, बसल्या न्हाईत. त्यांनी पेन उघडलं. ते वाईट माणूस नाहीत. ते मला काहीतरी देऊ करत होते. पलीकडच्या अंगाला खाली मैदान दिसत होतं, चार किलोमीटरांवर आणि सगळा उतार, आणि त्यात एक पांढरी जीप, आणि जीपशेजारी खुर्चीएवढा ठिपका. पायांत अजून बळ होतं. श्वास असा शांत होता की मी त्या क्षणी एखादी आरती म्हणून दाखवली असती. एवढी मी वर्षभराच्या सरावात कधीच तयार नव्हते. आणि मला मोनाचा जो संताप आला त्याला मी काय म्हणू? मी एकटीनंच शब्द दिला होता का? तिनं दिला नव्हता? तो दोन किलोमीटरांत कुणी मोडला? एका पोरीच्या एका शब्दासाठी? मी चारला उठायचं, मी सोमवारी उपाशी पळायचं, मी दर अकरा मंत्रांनी आपली लय आपल्या हातांनी मोडायची, आणि हिनं खो-खो खेळायचं? आणि आता तिकडं वाटेतच बसून राहायचं, आणि गाडीतही बसायचं नाही? कुणी सांगितलं होतं बसू नको म्हणून?

मी सायकलवरून उतरून रेघेच्या कडेनं दरीच्या बाजूला गेले. तिथून खालची वळणं दिसतात. तिसऱ्या वळणावर पिवळा टी-शर्ट होता. सायकल आडवी पडलेली, एक पाय लांब केलेला, आणि दोन्ही हातांनी ती पोटरी दाबत होती. तिनं तोंड दरीकडं केलं होतं, डोंगराकडं पाठ. ती वर बघत नव्हती.

हंबीरराव म्हणाले, “पाच.” मी त्यांना म्हणाले, लिहू नका. ते म्हणाले, खाली गेलासा तर दोघींचंबी कायच राहत न्हाई, तुमचं तुम्ही बघा. मी मान हलवली. त्यांच्या पायाशी पाण्याच्या बाटल्या होत्या, त्यातली एक मागून घेतली. वर येताना दोघींना मिळून एकच सायकल ढकलायची होती, म्हणून माझी मी रेघेच्या अलीकडंच एका दगडाला टेकवून ठेवली. मग ओढणी कमरेला बांधली आणि सुट्या मुरमावरून, टाच आधी टेकवत, एकेक पाऊल उतरायला लागले.